जुन्या जीपचं ढिलं स्टेअरिंग: चाकाकडून सुरुवात करा, बॉक्सला हात सगळ्यात शेवटी

गळीत हंगामात संध्याकाळी वडकबाळकडून सोलापूरला येताना समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतो. डांबराची कड तुटलेली असते आणि आपल्याला डावीकडं फक्त हातभर सरकायचं असतं. ज्या जीपच्या स्टेअरिंगला चार बोटं प्ले, म्हणजे रिकामी हालचाल आहे, तिला तो हातभर नेमका साधत नाही. स्टेअरिंग वळवलं तर काही होत नाही, अजून वळवलं तर गाडी एकदम दोन हात सरकते. जुनी फोरव्हील जीप हौसेनं पाळणाऱ्या प्रत्येकानं हे सोसलेलं आहे, आणि बरेच जण 'जुनी गाडी आहे, चालायचंच' म्हणून सोडून देतात. तसं सोडू नका. हे दुखणं पूर्ण बरं होतं, आणि त्यातलं निम्मं काम घरच्या अंगणात होतं.

माझी गाडी सीजे-३बी ठेवणीची, काकांकडून आलेली. पाट्यांच्या स्प्रिंगवर बसलेला सरळ एक्सल, चाक जिच्यासोबत वळतं ती चेंडूसारखी बंद नकल, मध्ये बेलक्रँक, म्हणजे स्टेअरिंगचा जोर दोन्ही चाकांकडं वाटणारा आर्म. महिंद्रानं १९४७ मध्ये विलिज जीप जोडायला घेतली आणि पुढं कित्येक दशकं तीच घडण चालवली, म्हणून या गाड्यांचे बुश, बेअरिंग आणि टायरॉड एंड (चाकं वळवणाऱ्या दांड्यांची टोकं) अजून मिळतात. खाली लिहिलंय ते या ठेवणीच्या गाड्यांसाठी. तुमच्या गाडीला बेलक्रँक नसून एकच सरळ टायरॉड असेल तर तेवढा भाग सोडून द्या, बाकी सगळं तसंच लागू आहे.

पहिल्यांदा प्ले वाढला तेव्हा मी गाडी एका गॅरेजात सोडली. तिथल्या माणसानं खाली वाकूनही न बघता स्टेअरिंग बॉक्सच्या, म्हणजे दांड्याच्या खालच्या टोकाला असलेल्या गेअरपेटीच्या बाजूचा स्क्रू आवळला आणि पाच मिनिटांत गाडी हातात दिली. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग छान घट्ट लागलं. कुंभारीच्या पुढं एका वळणावर मात्र ते वळलं आणि परत यायला तयार होईना, मला दोन्ही हातांनी ओढून सरळ करावं लागलं. त्या दिवसापासून हा एक नियम मी पाळतो: बॉक्सचा स्क्रू सगळ्यात शेवटी.

कारण प्ले एका जागी नसतो. थोडा हिशोब करू. ड्रॉप आर्म, म्हणजे बॉक्समधून निघणारा हलता आर्म, १५ सेंटीमीटर लांब धरा, बॉक्सचं गुणोत्तर १४ ला १ धरा आणि स्टेअरिंगची त्रिज्या २० सेंटीमीटर. ड्रॉप आर्मच्या टोकाशी १ मिलीमीटर ढिलाई असेल, तर स्टेअरिंगच्या रिमवर ती जवळजवळ २ सेंटीमीटर होऊन दिसते. आता ड्रॉप आर्मपासून बेलक्रँकपर्यंत जाणाऱ्या ड्रॅग लिंकची दोन टोकं, बेलक्रँकचा बुश आणि टायरॉडची चार टोकं मोजा. प्रत्येक जागी केसाएवढी झीज असली तरी बेरीज चार बोटांवर जाते. एकेक भाग हलवून बघणारा मिस्त्री 'हा चांगलाय, हाही चांगलाय' म्हणतो आणि खरंच बोलत असतो. दोष सगळ्यांत थोडा थोडा वाटलेला असतो.

आधी शोध, मग पाना

पहिली तपासणी चाकं जमिनीवर असताना. गाडी उचलली की सांध्यांवरचा भार जातो आणि ढिलाई लपते. इंजिन बंद ठेवा. एकजण सीटवर बसून स्टेअरिंग डावी-उजवीकडं छोट्या झटक्यांनी हलवत राहील, चाक वळेल इतकं नाही, फक्त प्ले संपेपर्यंत. दुसरा खाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोटं ठेवेल, अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर. डोळ्यांना न दिसणारी हालचाल बोटाला लगेच कळते.

क्रम असा ठेवा: बॉक्स चेसिसवर हलतो का, बॉक्समध्ये जाणारा दांडा फिरला तरी ड्रॉप आर्म थांबून राहतो का, ड्रॉप आर्म आपल्या शाफ्टवर हलतो का, मग ड्रॅग लिंकचं मागचं टोक, पुढचं टोक, बेलक्रँक वर-खाली आणि आडवा, मग टायरॉडची चारही टोकं. खडूनं प्रत्येक ढिल्या जागेवर फुली मारा. माझ्या गाडीवर पहिल्या दिवशी पाच फुल्या पडल्या आणि त्यातली एकही बॉक्सवर नव्हती.

बॉक्स ज्या जागी चेसिसला बसतो तिथं वायरब्रशनं चिखल काढून नीट बघा. रंगातून गंजाची बारीक रेघ धावत असेल तर ती चीर आहे. ती आधी दुरुस्त करावी लागेल, नाहीतर वरचं सगळं काम वाया.

दुसरी तपासणी चाक उचलून. आपल्या काळ्या मातीवर जॅक कधीही थेट लावू नका. उन्हाळ्यात ती भेगाळलेली असते, पावसात लोणी होते, दोन्ही वेळा जॅक तिरका होतो. खाली जाड फळी टाका, मागच्या चाकांना दगड लावा, एक्सलखाली घोडी लावल्याशिवाय आत डोकं घालू नका. घोडी हलवून पाहिल्यावरच काम सुरू.

आता चाक वरून आणि खालून धरून हलवा. ठोका लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ठोका गेला तर हबचं बेअरिंग ढिलं, तसाच राहिला तर किंगपिन, म्हणजे नकल जिच्यावर वळते ती पिन. मग चाक दोन्ही बाजूंनी धरून आडवं हलवा. तिथला ठोका बहुतेक टायरॉडचा असतो. शेवटी पाटे बघा: शॅकलचे (पाट्याचं टोक धरणाऱ्या पट्ट्यांचे) बुश, मधला बोल्ट, यू बोल्ट. यू बोल्ट ढिला असेल तर अख्खा एक्सलच पाट्यावर सरकतो आणि आपण उगाच टायरॉडला दोष देत बसतो.

हब आणि किंगपिन

हबचं काम सोपं. चाक फिरवत फिरवत आतला नट आवळा, फिरायला जड लागलं की साधारण एक षष्ठांश फेरा मागं घ्या, लॉक वॉशर वाकवा, बाहेरचा नट बसवा. बेअरिंग काढलंच आहे तर रॉकेलनं धुवा, रोलरवर निळसर डाग किंवा खड्डे दिसले तर वाटीसकट बदला. जुन्या वाटीत नवं बेअरिंग घालू नका.

किंगपिनला मात्र वेळ द्या. पन्नास-साठच्या वेगाला खड्ड्यातून गेल्यावर पुढची दोन्ही चाकं थडथडायला लागतात आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत थांबत नाहीत, हा अनुभव ज्यांना आलाय त्यांच्या गाडीत पहिला संशय इथंच घ्यावा. किंगपिनच्या वर आणि खाली एकेक टेपर बेअरिंग असतं आणि ते थोडं दाबून बसवलेलं असावं लागतं. तो दाब गेला की नकल मोकळी होते, आणि मोकळ्या नकलेला एक धक्का पुरतो.

आपल्याकडं ही बेअरिंगं लवकर जातात, कारण चिखल. काळी माती नकलेच्या गोळ्यावर चिकटते, वाळून दगडासारखी होते, आणि पुढच्या वळणाला सीलला कापते. मग ओढ्यातून गाडी काढली की पाणी आत. मी नकल उघडली तेव्हा खालच्या बेअरिंगमध्ये ग्रीसच्या जागी तांबूस राड होती. म्हणून शेतातून आल्यावर नकलेचा गोळा ओल्या फडक्यानं पुसायची सवय लावा. दोन मिनिटांचं काम आहे, सीलचं आयुष्य त्यानं वाढतं.

काम करताना चाक, हब आणि ब्रेकची प्लेट उतरवा. ब्रेकचा पाइप न सोडता प्लेट तारेनं वर बांधून ठेवता आली तर उत्तम. टायरॉड सोडवा. वरची टोपी काढताना तिच्याखालच्या शिमचा (पातळ पत्र्याच्या चकत्यांचा) गठ्ठा पुसून, दोऱ्यात ओवून, कुठल्या बाजूचा ते लिहून ठेवा. नवी बेअरिंगं आणि वाट्या बसवा. मग सील न लावता टोपी आवळा आणि वजनकाटा, तो हातात लटकवायचा स्प्रिंगचा, टायरॉडच्या भोकात अडकवून नकल ओढा. नकल हलायला लागते त्या क्षणीचा आकडा बघायचा. विलिजच्या जुन्या युनिव्हर्सल जीपसाठी तो १२ ते १६ पौंड, म्हणजे साधारण साडेपाच ते सव्वासात किलो. तुमचा एक्सल वेगळा असेल तर त्याच्या मॅन्युअलमधला आकडा धरा. काटा कमी दाखवत असेल तर शिम काढा, जास्त दाखवत असेल तर घाला. शिम जाड-पातळ मिळतात, एकेक बदलून बघावी लागते. या कामाला मला एका बाजूचा पूर्ण रविवार लागला आणि गाडीत सगळ्यात मोठा फरक याच रविवारानं पडला.

टायरॉडची टोकं

बदलायची तर चारही बदला. तीन जुन्यांत एक नवं घातलं तर महिनाभरात पुन्हा खाली झोपावं लागतं. सोडवताना फाट्यासारखं हत्यार ठोकू नका, रबर फाटतं. नट टोकापर्यंत सैल करा, आर्मच्या डोळ्याला एका बाजूनं जड हातोडा टेकवा आणि समोरून दुसऱ्या हातोड्यानं एक मोजका फटका मारा. टेपर आपोआप सुटतो.

टोक काढण्याआधी त्याचे किती आटे आत आहेत ते मोजून ठेवा. एका बाजूला उलटे आटे असतात, दुकानात हे सांगूनच घ्या. टेपर साफ पुसून कोरडा बसवा, ग्रीस लावू नका. नट आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट अजून आवळा, मागं कधीच घेऊ नका. आर्मचा डोळाच अंडाकृती झाला असेल तर नवं टोकही हलणार. तिथं आर्म बदलणं हाच उपाय.

आणि इथं हात जोडून एक सांगतो. टायरॉड, ड्रॉप आर्म, नकलेचा आर्म आणि बॉलपिन यांना वेल्डिंग नको. 'एक टाका मारून देतो, मालक, काही होत नाही' असं कुणी कितीही प्रेमानं म्हणालं तरी नको. हे भाग ठराविक कडकपणा देऊन बनवलेले असतात. वेल्डिंगच्या उष्णतेनं टाक्याशेजारचं लोखंड ठिसूळ होतं आणि सुटतं तेव्हा आधी आवाज करत नाही.

बेलक्रँक आणि ड्रॅग लिंक

बेलक्रँक म्हणजे या ठेवणीचा खरा कमकुवत दुवा. ड्रॅग लिंक त्याला ढकलते, तो दोन्ही टायरॉडना ढकलतो, आणि हे सगळं एका उभ्या शाफ्टवर फिरतं. शाफ्ट झिजला की दोन्ही चाकांना एकाच वेळी प्ले मिळतो. मूळ मांडणीत आत सुईबेअरिंग असतात. पण ग्रीस वेळेवर मिळालं नाही तर त्या सुया शाफ्टवर चर पाडतात.

मी सोलापूरच्या मेकॅनिक चौकात तयार किट शोधलं. शाफ्ट मिळाला, बुश मिळाला, पण दोघांत इतकी फट होती की पैसे देऊन प्ले विकत घेतल्यासारखं झालं असतं. मग नवा शाफ्ट घेऊन एका लेथवाल्याकडं गेलो. हा माणूस एरवी यंत्रमागाचे सुटे भाग करतो. त्यानं शाफ्ट मायक्रोमीटरनं तीन ठिकाणी मोजला, बेलक्रँकचं भोक मोजलं आणि विचारलं, "ग्रीस कुठून जातंय हे दाखवा आधी." त्यानं गनमेटलचा बुश केला, आत ग्रीससाठी तिरकी खाच पाडली आणि बुश दाबून बसवल्यावर पुन्हा आतून रीमर फिरवला. दाबून बसवताना बुश आवळतो, हे त्याला माहीत होतं. शाफ्ट हातानं आत जावा, हलवला तर टकटक करू नये आणि बोटानं फिरवला तर फिरावा, एवढी फट हवी. दर १,००० किलोमीटरला निपलमधून नवं ग्रीस वरून बाहेर येईपर्यंत पंप मारा, म्हणजे हा बुश टिकेल.

शाफ्ट ज्या ब्रॅकेटमध्ये बसतो तो आडव्या मेंबरवर हलत नाही ना, हेही बघा. तिथलं भोक मोठं झालेलं असेल तर वरचा नवा बुश काय करणार?

ड्रॅग लिंकच्या टोकात बॉल, त्याच्या दोन वाट्या, स्प्रिंग आणि प्लग असतो. उघडण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, कारण स्प्रिंग कुठल्या बाजूला होती हे नंतर आठवत नाही, आणि दोन टोकांची मांडणी सारखी नसते. बॉल लांबट झाला असेल तर नवी वाटी फार दिवस पुरणार नाही. प्लग घट्ट बसवून साधारण अर्धा फेरा मागं घ्या आणि स्प्लिट पिन घाला. पूर्ण आवळून ठेवला तर स्टेअरिंग वळणानंतर परत येत नाही.

आता बॉक्स

इथपर्यंत आल्यावर पुन्हा दोघांनी मिळून पहिली तपासणी करा. माझ्याकडं चार बोटांचा प्ले एका बोटावर आला होता, बॉक्सला हात न लावता.

उरलेला प्ले बॉक्सचा असेल तर ड्रॅग लिंक सोडा. आधी स्टेअरिंगच्या दांड्याचा वर-खाली खेळ काढा. त्यासाठी जुन्या रॉस बॉक्समध्ये वरच्या कव्हरखालची शिम कमी करतात. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजा, निम्मे परत या, तो मध्य. बाजूचा स्क्रू मध्यावरच लावायचा. आतल्या वर्मची, म्हणजे स्क्रूसारख्या गेअरची खाच मध्यावर मुद्दाम अरुंद असते, कारण गाडी बहुतेक वेळ सरळ चालते. झीजही तिथंच सगळ्यात जास्त होते. मध्य झिजल्यावर स्क्रू मध्यासाठी आवळला की न झिजलेल्या बाजूंना तो अडकतो. माझं स्टेअरिंग कुंभारीजवळ अडकलं ते यामुळं. स्क्रू लावल्यावर पूर्ण फिरवून बघा. मध्याबाहेर कुठंही जड लागलं तर स्क्रू सोडा, आणि वर्म व लिव्हर शाफ्ट बदलायची तयारी करा.

बॉक्समध्ये घट्ट चेसिस ग्रीस भरू नका. वर्म त्यातून वाट पाडतो आणि मग कोरडाच फिरतो. ९० नंबरचं गेअर ऑइल घाला. गळत असेल तर सील बदला.

टो-इन आणि कास्टर

टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असणं, घरी मोजता येतो. दोन्ही पुढचे टायर उचलून फिरवताना मध्यावर खिळ्यानं एक बारीक रेघ ओढा. गाडी खाली घेऊन चार-पाच फूट पुढं ढकला, म्हणजे पाटे बसतील. एक्सलच्या उंचीवर दोन रेघांमधलं अंतर समोरून मोजा आणि मागून मोजा. जुन्या विलिज ठेवणीला समोरचं अंतर साधारण १ ते २.५ मिलीमीटर कमी हवं. बेलक्रँकवाल्या गाडीत दोन टायरॉड वेगळे असतात, म्हणून आधी बेलक्रँक मधोमध ठेवून एक चाक मागच्या चाकाच्या रेषेत दोरी ताणून सरळ करा, मग दुसरं जुळवा. नाहीतर टो बरोबर येईल, पण बॉक्स मध्यावर राहणार नाही.

कास्टरसाठी अलाइनमेंटवाल्याकडं जा आणि आकडा मागा. बरेच जण फक्त टो करून देतात. या एक्सलला साधारण ३ अंश लागतात, म्हणजे किंगपिनचं वरचं टोक किंचित मागं झुकलेलं. पाटे बसले असतील किंवा कुणी लांब शॅकल लावले असतील तर हा कोन हरवतो आणि वळणानंतर स्टेअरिंग स्वतःहून सरळ येत नाही. पाटा आणि एक्सलमध्ये तिरकी पाचर घालून तो परत मिळवता येतो. जाड बाजू कुठं ठेवायची ते पाटा एक्सलच्या वर आहे की खाली यावर ठरतं, पण पिनचं वरचं टोक मागं हवं हे दोन्हीकडं सारखंच.

सुधारणा करायची असेल तर

पहिली सुधारणा ग्रीस निपल असलेली टायरॉडची टोकं. दुसरी, बॉक्सच्या जागी चेसिसला आतून प्लेट. चेसिसचं वेल्डिंग चालतं, पण चांगल्या हाताचं, आणि जोड पाट्यासारखा सरळ कापलेला नको, तिरकी टोकं काढलेला हवा.

स्टेअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टेअरिंगचे झटके शोषणारा शॉक, सगळं घट्ट झाल्यावरच लावा. ढिल्या किंगपिनवर लावला तर तो फक्त लक्षण झाकतो. चाकं सरळ असताना डॅम्परचा दांडा निम्म्यावर असावा, म्हणजे पूर्ण वळणावर तो आधी संपणार नाही.

पॉवर स्टेअरिंगचा विचार रुंद टायरवाले हमखास करतात. मूळ टायर ६.००-१६ आकाराचा, अरुंद. रुंद टायर आणि बाहेर निघालेली रिम लावली की किंगपिनवरचा ताण वाढतो, तेव्हा आधी टायरचा विचार करा. तरीही करायचंच असेल तर तीन गोष्टी बघा. चेसिसची प्लेट आधी व्हायला हवी, कारण पंपाचा जोर बॉक्सच्या बोल्टवर येतो. स्टेअरिंगच्या दांड्याचे जोड नवे हवेत. आणि ड्रॅग लिंक शक्य तितकी आडवी हवी. ती तिरकी झाली तर खड्ड्यात एक्सल वर गेला की चाकं आपोआप वळतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातल्या बदलांची मर्यादा दिलेली आहे, म्हणून मोठा बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

एक सवयही बदला: डांबरावर फोरव्हील लावून चालवू नका. या गाड्यांत पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये फरक सोसणारा गेअर नसतो, वळणावर सगळं ताणलं जातं आणि तो ताण आपण नव्या केलेल्या सांध्यांवर येतो.

पहिली फेरी

सगळं बसवल्यावर पहिल्या दिवशी थेट हैदराबाद रस्त्याला लागू नका. सकाळी लवकर मोकळ्या गावरस्त्यावर जा. वीसच्या वेगाला दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर पाट्याला घासत नाही ना ते बघा, घासत असेल तर थांबवणारे बोल्ट लावून घ्या. चाळीसला हात सैल करून गाडी कुठं ओढते का बघा, हात मात्र रिमजवळच ठेवा. मग हळूच ब्रेक. सगळं ठीक वाटलं तर साठ.

घरी आल्यावर हबला हात लावा. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापली असेल तर ते बेअरिंग फार आवळलंय. १०० किलोमीटरनंतर यू बोल्ट, ड्रॉप आर्मचा नट आणि बॉक्सचे बोल्ट पुन्हा आवळा, प्रत्येक स्प्लिट पिन बोटानं चाचपून बघा, आणि खडूच्या फुल्या पुसून टाका, म्हणजे पुढच्या वर्षी नव्या कुठं पडतात ते कळेल.